मिश्रणगणित

मिश्रणगणित : भिन्न संहतीचे, प्रतीचे किंवा किंमतीचे दोन अथवा अधिक पदार्थ एकत्र केले असता होणाऱ्या मिश्रणाची संहती काढणे, तसेच इष्ट संहतीचे मिश्रण मिळविण्यासाठी कोणता घटक किती घ्यावयाचा हे ठरविणे, या दोन प्रकारच्या प्रश्नांचा विचार ज्या गणितात होतो त्यास मिश्रणगणित म्हणतात. मिश्रणाच्या एकक वजनात किंवा एकक घनफळात विवक्षित घटक किती आहे हे सांगणाऱ्या संख्येस त्या घटकाची संहती म्हणतात व व्यवहारात ती बहुधा शेकडेवारीने सांगतात. सोन्याचा कस, दुधातील स्निग्धांश, सलाइनमधील मीठ व मद्यातील अल्कोहॉल ही सर्व संहतीचीच उदाहरणे होत. शालेय बीजगणितात ही उदाहरणे एका किंवा दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांत येतात [⟶ बीजगणित]. विद्यार्थ्यांना ती अवघड वाटतात. त्यातील समीकरण सोडविणे मात्र सोपे असते. अवघड असते ते शब्दांतून समीकरण मांडणे.

मूलतत्त्व : मिश्रणगणिताचे सर्व नियम एका साध्या गोष्टीवर आधारलेले आहेत. मिश्रण करताना वजनांची बेरीज होते, विरघळलेल्या पदार्थाच्या वजनांचीही बेरीज होते. परंतु शेकडेवारीची बेरीज होत नाही. शेकडेवारी हा दर आहे, राशी नव्हे. दराला ज्या राशीचा तो दर आहे त्या राशीने गुणले म्हणजेच बेरजेस योग्य अशी संख्या मिळते. म्हणून कोणत्याही मिश्रणाच्या उदाहरणात प्रथम पुढील प्रश्न विचारावा लागतो : मिश्रण करण्यापूर्वी व केल्यानंतर कोणत्या वस्तूचे परिमाण तेवढेच राहते? त्या वस्तूचे दोन्ही वेळचे परिमाण लिहून त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घातले की समीकरण तयार होते.

समजा, पहिल्या पदार्थाचे वजन अ व संहती क टक्के असून दुसऱ्याचे वजन ब व संहती ख टक्के आहे. मिश्रणाची संहती ग टक्के असेल, तर

क × अ + ख × ब = ग × (अ + ब)

हे समीकरण मिळते. त्यावरून ग = (क × अ + ख × ब) ÷ (अ + ब). ग ही क व ख यांची भारित सरासरी होय. अ आणि ब समान असतील तरच ती साध्या सरासरीइतकी, म्हणजे (क + ख) ÷ २ इतकी असते. भारित सरासरी ही नेहमी सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या संहतीच्या दरम्यान असते. त्यामुळे १० टक्क्यांचा व २० टक्क्यांचा विद्राव मिसळून २५ टक्क्यांचा विद्राव मिळणे अशक्य आहे, हे आकडेमोड न करताही सांगता येते.

समीकरणाची मांडणी : नागपूरच्या रामदासपेठेत रुग्णालयांची व औषधांच्या दुकानांची दाटी आहे. अशा वस्तीतील नवजात अर्भकांच्या कक्षात उद्भवणारा एक प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. रक्तातील साखर कमी झालेल्या अर्भकास शिरेतून देण्यासाठी डेक्स्ट्रोजचा १० टक्क्यांचा विद्राव हवा आहे. हाताशी मात्र ५ टक्के व २५ टक्के असे दोनच विद्राव आहेत. १०० मिलि. विद्राव तयार करावयाचा असल्यास प्रत्येकी किती घ्यावा? येथे ५ टक्के याचा अर्थ १०० मिलि. विद्रावात ५ ग्रॅम डेक्स्ट्रोज असा आहे.

२५ टक्क्यांचा विद्राव क्ष मिलि. घेतला, तर ५ टक्क्यांचा (१०० – क्ष) मिलि. घ्यावा लागेल. माहितीची मांडणी पुढीलप्रमाणे करतात :

पहिला विद्राव : घनफळ क्ष, संहती ०.२५, डेक्स्ट्रोज ०.२५ क्ष
दुसरा विद्राव : घनफळ १०० – क्ष, संहती ०.०५, डेक्स्ट्रोज ०.०५ (१०० – क्ष)
मिश्रण : घनफळ १००, संहती ०.१०, डेक्स्ट्रोज १०

डेक्स्ट्रोजचे वजन कायम राहते. म्हणून

०.२५ क्ष + ०.०५ (१०० – क्ष) = १०
०.२० क्ष + ५ = १०
क्ष = २५

म्हणजे २५ टक्क्यांचा विद्राव २५ मिलि. व ५ टक्क्यांचा ७५ मिलि. घ्यावा. पडताळा : पहिल्यातून ६.२५ ग्रॅम व दुसऱ्यातून ३.७५ ग्रॅम मिळून १० ग्रॅम डेक्स्ट्रोज येते. दोन्ही विद्राव निम्मेनिम्मे घेतले असते, तर मिश्रण १५ टक्क्यांचे, म्हणजे हव्या त्या संहतीच्या दीडपट झाले असते. अशा ठिकाणी साधी सरासरी घेण्याची चूक केवळ उत्तरपत्रिकेपुरती राहत नाही.

वरील मांडणीत प्रत्येक ओळीत तीन संख्या आहेत : एकूण राशी, संहती आणि त्यांचा गुणाकार. पहिल्या व तिसऱ्या स्तंभाची उभी बेरीज करता येते. मधल्या स्तंभाची करता येत नाही. हा भेद ध्यानात ठेवला, तर बहुतेक उदाहरणे या एकाच साच्यात बसतात. दोन्ही घटकांची राशी स्वतंत्र अज्ञात मानून (क्ष व य) दोन समीकरणेही मांडता येतात : एक एकूण राशीचे, क्ष + य = १००, व दुसरे विरघळलेल्या पदार्थाचे, ०.२५ क्ष + ०.०५ य = १०. दोन्ही रीतींचे उत्तर अर्थातच एकच येते.

अंतरांची रीत : मूळ समीकरणाची पुनर्मांडणी केली असता अ (क – ग) = ब (ग – ख) असे रूप मिळते. त्यावरून

अ : ब = (ग – ख) : (क – ग)

म्हणजे दोन घटकांच्या राशींचे गुणोत्तर, इष्ट संहतीपासून असलेल्या त्यांच्या अंतरांच्या व्यस्त प्रमाणात असते. वरील उदाहरणात २५ चे १० पासूनचे अंतर १५ व ५ चे अंतर ५ आहे. म्हणून २५ टक्क्यांच्या व ५ टक्क्यांच्या विद्रावांचे गुणोत्तर ५ : १५, म्हणजेच १ : ३ येते. तराजूच्या दांडीची कल्पना केल्यास हा नियम सहज समजतो. दांडीवर संहतीचे आकडे मांडून इष्ट संहतीच्या ठिकाणी टेकू दिला, तर टेकूजवळचे वजन जड व दूरचे हलके असल्याखेरीज दांडी समतोल राहणार नाही. यूरोपीय व्यापारी अंकगणितात या रीतीस ‘ॲलिगेशन’ म्हणजे बांधणी असे नाव पडले. कारण आकड्यांच्या जोड्या रेघांनी एकमेकींस बांधून दाखवीत. दुग्धव्यवसायात हीच मांडणी ‘पिअर्सन चौकोन’ या नावाने परिचित आहे.

घटक तीन किंवा अधिक असतील व मिश्रणाची केवळ एक संहती दिलेली असेल, तर अज्ञातांपेक्षा समीकरणे कमी पडतात व उत्तरे अनंत येतात. अशा वेळी किंमत, उपलब्धता किंवा दुसऱ्या एखाद्या घटकाची संहती यांसारखी आणखी एखादी अट घालावी लागते.

भारतीय परंपरा : मिश्रणाचे गणित भारतीय अंकगणितात प्राचीन काळापासून आढळते. ब्रह्मगुप्ताने (सातवे शतक) गणिताचे जे आठ व्यवहार सांगितले त्यांत मिश्रकव्यवहार पहिला आहे. ‘मिश्र’ या शब्दाचा अर्थ तेथे आजच्यापेक्षा व्यापक असून मुद्दल व व्याज एकत्र दिले असता ते वेगळे करणे, भागीदारीतील नफा वाटणे इ. प्रश्नही त्यात येतात. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात नवव्या शतकात महावीराचार्यांनी रचलेल्या गणितसारसंग्रह या ग्रंथात सोन्याच्या मिश्रणाची अनेक उदाहरणे आहेत.

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावती या ग्रंथातील मिश्रव्यवहारात सुवर्णगणिताचा स्वतंत्र भाग आहे. त्यांच्या मांडणीत १६ वर्णांचे सोने शुद्ध मानलेले असून वजन माषांत सांगितलेले आहे. वर्ण म्हणजे आजच्या भाषेत सोन्याची संहती होय. नियम असा : प्रत्येक तुकड्याचे वजन व वर्ण यांचा गुणाकार करावा, सर्व गुणाकारांची बेरीज करावी व तिला एकूण वजनाने भागावे, भागाकार हा मिश्र सोन्याचा वर्ण होय. वर सांगितलेली भारित सरासरी ती हीच.

या भागातील उदाहरणांचा क्रम अभ्यासण्याजोगा आहे. पहिल्या उदाहरणात १०, ४, २ व ४ माषे वजनाचे आणि अनुक्रमे १३, १२, ११ व १० वर्णांचे सोने एकत्र आटविले आहे. गुणाकारांची बेरीज १३० + ४८ + २२ + ४० = २४० व एकूण वजन २० माषे असल्याने मिश्रणाचा वर्ण १२ येतो. पुढे हेच २० माषे सोने शोधन करून १६ माषे उरले, तर वर्ण किती, असा प्रश्न आहे. येथे हीण जळून जाते, पण सोने कायम राहते. म्हणून २४० या बेरजेला २० ऐवजी १६ ने भागावयाचे. उत्तर १५ वर्ण. उलट, शोधनानंतर सोने १६ वर्णांचे झाले, तर वजन २४० ÷ १६ = १५ माषे उरेल.

नंतरच्या उदाहरणात ८ माषे १० वर्णांचे, २ माषे ११ वर्णांचे व ६ माषे अज्ञात वर्णाचे सोने मिळून १२ वर्णांचे सोने झाले आहे. एकूण १६ × १२ = १९२ मधून ८० + २२ = १०२ वजा केल्यास ९० उरतात; त्यांस ६ ने भागल्यावर अज्ञात वर्ण १५ मिळतो. त्यापुढे वर्ण ज्ञात पण वजन अज्ञात असलेला प्रश्न येतो : ३ माषे १० वर्णांचे, १ माषा १४ वर्णांचे व काही माषे १६ वर्णांचे सोने मिळून १२ वर्णांचे होते. यावरून ४४ + १६ क्ष = १२ (४ + क्ष) व क्ष = १ माषा. शेवटी १६ व १० वर्णांच्या दोन गोळ्यांपासून १२ वर्णांचे सोने करण्याचा प्रश्न असून तो अंतरांच्या रीतीने सोडविला आहे. अंतरे ४ व २ असल्याने वजने २ : ४, म्हणजे १ : २ या प्रमाणात घ्यावी लागतात. मिश्रणाचा वर्ण, शोधनानंतरचा वर्ण, अज्ञात वर्ण, अज्ञात वजन व वजनांचे गुणोत्तर असे सर्व प्रकार येथे क्रमाने आले असून ते सर्व एकाच संबंधातून निघतात.

या परंपरेचा महाराष्ट्राशी असलेला संबंध शिलालेखावरून दिसतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा एक लेख असून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठास दान दिल्याची नोंद त्यात आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. लीलावतीचे फार्सी भाषांतर फैजीने १५८७ मध्ये केले, तर हेन्री टॉमस कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

सराफी व्यवहार : वर्णाची जागा आता कॅरट व दर हजारी शुद्धता यांनी घेतली आहे. २४ कॅरट म्हणजे चोख सोने. २२ कॅरटचे दागिने ९१६ या व १८ कॅरटचे ७५० या अंकाने ओळखले जातात. नागपुरातील इतवारीच्या सराफा बाजारात किंवा अन्यत्र २२ कॅरटचे १८ ग्रॅम सोने आटवून १८ कॅरटचे करावयाचे असल्यास किती हीण मिसळावे लागेल? १८ ग्रॅममध्ये चोख सोने १८ × २२ ÷ २४ = १६.५ ग्रॅम आहे व ते कायम राहते. १८ कॅरटमध्ये चोख सोन्याचा भाग तीन चतुर्थांश असल्याने एकूण वजन १६.५ ÷ ०.७५ = २२ ग्रॅम व्हावयास हवे. म्हणून ४ ग्रॅम हीण मिसळावे लागेल.

याच्या उलट कस वाढविणे किती खर्चाचे असते तेही या गणितावरून कळते. १४ कॅरटच्या १० ग्रॅम सोन्यात चोख सोने मिसळून ते २२ कॅरटचे करावयाचे असल्यास गुणोत्तर (२४ – २२) : (२२ – १४) = २ : ८ येते; म्हणजे १० ग्रॅमसाठी ४० ग्रॅम चोख सोने लागते. इष्ट संहती एखाद्या घटकाच्या संहतीच्या जसजशी जवळ जाते तसतसा तो घटक अधिकाधिक लागतो. यामुळेच अशा वेळी भर घालण्यापेक्षा हीण काढून टाकणे, म्हणजे शोधन करणे, सोयीचे ठरते.

दोन घटकांचे संतुलन : एकच संहती पाहून मिश्रणाची परीक्षा पुरी होत नाही, हे दुधाच्या उदाहरणावरून चांगले समजते. मुंबईत १९४० नंतरच्या दशकात दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने म्हशीच्या दुधात दुधाची भुकटी व पाणी मिसळून ‘टोन्ड’ दूध तयार करण्यास सुरुवात झाली. भारतातील प्रमाणानुसार अशा दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. समजा, ७ टक्के स्निग्धांश व ९ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असलेले म्हशीचे ३०० किग्रॅ. दूध आहे. त्यातील स्निग्धांश २१ किग्रॅ. असल्याने ३ टक्क्यांचे ७०० किग्रॅ. दूध होऊ शकते. त्यासाठी नुसते पाणी घातले, तर स्निग्धांशाचा हिशोब जमतो; परंतु स्निग्धेतर घनपदार्थ २७ किग्रॅ. च राहतात व त्यांचे प्रमाण सु. ३.९ टक्क्यांवर येते. ८.५ टक्के प्रमाण राखण्यासाठी ५९.५ किग्रॅ. घनपदार्थ हवेत. म्हणून उरलेले ३२.५ किग्रॅ. भुकटीतून द्यावे लागतात व पाणी ३६७.५ किग्रॅ. घालता येते (भुकटीतील थोडा ओलावा व अल्प स्निग्धांश येथे दुर्लक्षिला आहे). कायम राहणाऱ्या वस्तू येथे दोन आहेत व म्हणून समीकरणेही दोन लागतात. कायद्याने दुधासाठी दोन वेगळी प्रमाणे का ठरविली आहेत याचे उत्तर या दोन समीकरणांत आहे : केवळ स्निग्धांश मोजून पाण्याची भेसळ ओळखता येत नाही.

घट, भर व अदलाबदल : मिश्रणातून एखादा घटक निघून जातो तेव्हाही मूलतत्त्व बदलत नाही. समुद्राच्या पाण्यात सरासरीने सु. ३.५ टक्के क्षार असतात. मिठागरात असे १,००० किग्रॅ. पाणी घेतल्यास त्यात ३५ किग्रॅ. क्षार असतात. पाणी आटून खाऱ्या पाण्याची संहती २५ टक्के होईल त्या वेळी एकूण वजन ३५ ÷ ०.२५ = १४० किग्रॅ. राहील, म्हणजे ८६० किग्रॅ. पाण्याची वाफ झालेली असेल. लीलावतीतील शोधनाचे उदाहरण व हे उदाहरण गणिताच्या दृष्टीने एकरूप आहेत.

अदलाबदलीच्या उदाहरणांत मिश्रणाचा काही भाग काढून तेवढेच पाणी पुनःपुन्हा घालतात. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढे पाणी घातले व ही क्रिया एकूण तीन वेळा केली, तर शेवटी दूध किती राहील? तीन वेळा चार म्हणजे १२ लिटर दूध गेले व २८ लिटर उरले, असे उत्तर घाईने दिले जाते. परंतु दुसऱ्या वेळी जे ४ लिटर निघतात ते शुद्ध दूध नसून मिश्रण असते. प्रत्येक वेळी असलेल्या दुधाचा दहावा भाग जातो व नऊदशांश उरतो. म्हणून दूध ४० × ०.९ × ०.९ × ०.९ = २९.१६ लिटर उरते. मिश्रण दर वेळी चांगले ढवळले जाते हे येथे गृहीत आहे.

भाषेमुळे येणाऱ्या अडचणी : शाब्दिक उदाहरणांतील पुष्कळशा चुका गणिताच्या नसून वाचनाच्या असतात. गवंडीकामात सिमेंट व वाळू यांचे प्रमाण ‘एकास चार’ असे सांगतात. त्यात सिमेंट एकूण पाच भागांपैकी एक, म्हणजे २० टक्के असते. २५ टक्के नव्हे. ‘एका भागात नऊ भाग पाणी घालावे’ व ‘एका भागाचे नऊ भाग करावेत’ ही दोन वाक्ये सारखी वाटली, तरी पहिल्यात एकूण दहा भाग होतात व दुसऱ्यात नऊच. त्याचप्रमाणे १० टक्क्यांच्या विद्रावाची संहती ‘२ टक्क्यांवर आणणे’ व ‘२ टक्क्यांनी कमी करणे’ यांत मोठे अंतर आहे. ‘कमी करणे’ हा शब्दप्रयोगही संदिग्ध असून त्याने १० चे ८ होणे किंवा १० चे ९.८ होणे असे दोन अर्थ संभवतात.

उदाहरणात शुद्ध पाणी किंवा शुद्ध पदार्थ आला की त्याची संहती सांगितलेली नसते. विद्रावातील पदार्थाच्या दृष्टीने पाण्याची संहती शून्य व शुद्ध पदार्थाची १०० टक्के, हे वाचणाऱ्याने स्वतः लिहावयाचे असते. तसेच शेकडेवारी वजनास वजन, घनफळास घनफळ किंवा घनफळास वजन यांपैकी कोणत्या अर्थाने दिली आहे तेही पाहावे लागते. सलाइनवरील ०.९ टक्के याचा अर्थ एक लिटर विद्रावात ९ ग्रॅम मीठ असा आहे. निर्जंतुक करणाऱ्या अल्कोहॉलवरील शेकडेवारी मात्र बहुधा घनफळाची असते.

मर्यादा : वजनांची बेरीज भौतिक मिश्रणात नेहमी खरी असते, घनफळांची मात्र नेहमी खरी असतेच असे नाही. ५० मिलि. पाणी व ५० मिलि. शुद्ध अल्कोहॉल एकत्र केल्यास १०० मिलि. ऐवजी सु. ९६ ते ९७ मिलि. मिश्रण होते, कारण दोहोंचे रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात. म्हणून प्रयोगशाळेत व औषधनिर्मितीत घटक मोजून घेतल्यावर ‘अमुक मिलि. पाणी घाला’ असे न सांगता ‘पाणी घालून एकूण अमुक मिलि. करा’ असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रवासाठी दिलेली कृती अशीच आहे : ९६ टक्क्यांचे एथिल अल्कोहॉल ८,३३३ मिलि., ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलि. व ९८ टक्क्यांचे ग्लिसरॉल १४५ मिलि. घेऊन पाण्याने एकूण १० लिटर करावयाचे. ८,३३३ × ०.९६ ही संख्या सु. ८,००० येते व अंतिम द्रव ८० टक्के अल्कोहॉलचा होतो. तसेच घटकांमध्ये रासायनिक विक्रिया होत असेल, उदा., अम्ल व क्षारक (अल्कली) एकत्र केले, तर मूळ पदार्थ कायम राहत नाहीत व वरील समीकरण तसेच लागू पडत नाही.

व्यवहारातील महत्त्व : या गणिताची गरज केवळ सराफ, गवळी व औषधविक्रेते यांनाच पडते असे नाही. अतिसारात द्यावयाच्या जलसंजीवनीची पुडी हे घराघरातील उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ पासून शिफारस केलेल्या सूत्रानुसार पुडीत मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ असे एकूण २०.५ ग्रॅम पदार्थ असतात व ते एक लिटर पाण्यात विरघळवावयाचे असतात. त्या विद्रावात सोडियमची संहती दर लिटरला ७५ मिलिमोल असते. तीच पुडी अर्ध्या लिटर पाण्यात घातली, तर क्षार तेवढेच राहून पाणी निम्मे होते व सोडियमची संहती १५० मिलिमोल, म्हणजे निरोगी रक्तद्रवातील १३५ ते १४५ मिलिमोल या संहतीपेक्षाही अधिक होते. असे पाणी आधीच पाणी गमावलेल्या बालकास अपायकारक ठरू शकते. उलट, २०० मिलि. साठी असलेली लहान पुडी एक लिटर पाण्यात घातल्यास विद्राव पाचपट पातळ होतो व क्षारांची भरपाई होत नाही. म्हणून पुडीवर छापलेले पाण्याचे माप हे पुडीतील घटकांइतकेच औषधाचा भाग आहे. पदार्थाचे वजन कायम व एकूण राशी बदलती, हा जो संबंध सुवर्णाच्या संदर्भात लीलावतीत सांगितला आहे, तोच येथेही लागू पडतो. आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्याची कसोटीही तीच आहे. मिळालेल्या संहतीस एकूण राशीने गुणावे. सुरुवातीचा पदार्थ तितकाच परत मिळाला पाहिजे.